सात नंबरचं जाळं

२४ एप्रिल
आजपासून संताप बंद. लेखी देतोय. मी मुळात शांत माणूस. सतरा वर्षं आइस हॉकीचा रेफ्री होतो, जन्मभर दुसऱ्यांच्या मारामाऱ्या सोडवल्या. आयोनाला हे पटत नाही. ती आमच्या पक्षी-केंद्राची प्रमुख. म्हणाली, "हार्व, परवाना हवा ना? मग मे महिना कुणावर हात न उगारता काढून दाखव." परवाना मिळाला की मी एकटा जाळी लावणार, पक्षी धरणार, पायात कडी घालून सोडणार. सहा वर्षं थांबलोय. यंदा मिळणारच.

२६ एप्रिल
पहिला वार्बलर! बारा ग्रॅमचा जीव. दक्षिणेतून एवढा लांबून उडत आला आणि माझ्या मुठीत गप्प बसला. हात असावेत तर असे.
मग एक कार्डिनल, तो लाल, जाड चोचीचा पक्षी. बोटाचा लचकाच तोडला मेल्यानं. मी त्याला काही केलं नाही. टेबलाला लाथ घातली, ती धरायची नाही. वजनकाटा फुटला. जुनाच होता.

२ मे
ससाण्यानं जाळ्यातल्या वार्बलरचं डोकं उडवलं. डोळ्यांदेखत! बांबू घेऊन धावलो. ससाणा निसटला. आयोना म्हणते, जाळं ससाण्यानं नाही, तू फाडलंस.
क्लिफर्ड फाटकं शिवत बसला. रिटायर्ड डेंटिस्ट, तोही परवान्याच्या रांगेत. म्हणतो, "हार्व, शिट्टी मारायचीस रे. ससाणा थांबला असता." सगळे खो खो हसले. मीही हसलो. मग मागं जाऊन झाडाला तीन गुद्दे घातले. झाड काही माणूस नव्हे.

८ मे
सहा दिवस भांडण नाही. (घरचं सोडून.) परवान्यासाठी भिंतीवर खिळा ठोकला. डोरीन म्हणाली, "आधी मिळू दे की." बायकोचाच विश्वास नाही.

१३ मे, सकाळ
रात्रभर पाऊस, उत्तरेचा वारा. ईरी सरोवर ओलांडणारे पक्षी थकून किनाऱ्यावर कोसळले. फांदीफांदीला वार्बलर. आयोना ओरडली, "सगळी जाळी बंद! भिजलेला पक्षी जाळ्यात मरतो." विषम नंबर माझे, सम क्लिफर्डचे.
सात नंबर गुंडाळत होतो तोच पाण्याकडं नजर गेली. सीगल पाण्यात पडून तरंगणारे वार्बलर जिवंत गिळत होते. एकामागून एक! डोकंच फिरलं. धावलो, दगड घातले, दोन सीगल लोळवले, तिसऱ्यानं माझं कपाळ फोडलं. तासभर लढलो. चार वार्बलर वाचवले. एक टोपीत मेला, म्हणजे तीन.

१३ मे, दुपार
सात नंबर उघडं. त्यात अकरा मेलेले. ओले, लोंबकळणारे.
मी ते बंद केलं होतं. पक्कं आठवतंय. क्लिफर्ड त्याच बाजूनं येत होता. विचारलं. म्हणाला, "मी सातकडं फिरकलोच नाही." खोटारडा! एकच ठोसा. नाक मोडलं, नोंदवहीवर रक्त उडालं. आयोनानं माझ्याकडची केंद्राची किल्ली काढून घेतली आणि परवान्याचं नावही काढू नको म्हणाली.
हा अन्याय आहे. मी मारलं ते पक्ष्यांसाठी. उद्या वरपर्यंत तक्रार.

१४ मे, सकाळ
तक्रारीची दीड पानं झाली. भाषा जबरदस्त.
डोरीननं धुवायला कालची पँट घेतली. "ह्या चिंध्या कसल्या रे?" पाच निघाल्या. जाळं गुंडाळलं की पाच ठिकाणी चिंधीनं बांधायचं, नाहीतर वारा ते उघडतो. प्रत्येक जाळ्याच्या चिंध्या वेगळ्या, त्यांवर नंबर. ह्यांवर सात.
मी म्हटलं, कुणीतरी खिशात कोंबल्या असतील. डोरीन म्हणाली, "पँट तुझ्या अंगावर होती, हार्व."

१४ मे, दुपार
दोनदा नंबर फिरवून फोन ठेवला. तिसऱ्यांदा क्लिफर्डच्या बायकोनं उचलला. म्हणाली, नाकात बोळे आहेत, बोलता येत नाही त्याला.
मी म्हटलं, बोलू नकोस म्हणावं, नुसतं ऐक. तिनं फोन त्याच्या कानाला लावला. चिंध्यांचं सांगितलं. अकराही माझेच, म्हटलं. तो ऐकत होता. फोन त्यानंच आधी ठेवला.
आता आयोनाला लावतो.