पातळ भिंत

९ मार्च

ती. ताईस नमस्कार.

इकडे आई बरी आहे, मीही बरा आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो दुरुस्त केला. त्या दिवशी तू फोनवर विचारलंस की आई सारखं ते प्लॅस्टिकचं हृदय म्हणते, ते काय आहे. आई समोर बसली होती, म्हणून मी विषय बदलला. आता लिहितो.

आमच्या मशीनला प्रिंटर म्हणतात, पण ते वस्तू रचतं. केकवर नळीतून क्रीम सोडतात, तसं वितळलेल्या प्लॅस्टिकचा पातळ थर घालतं. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. संगणकात आकार असला की झालं. दातांच्या टोप्या, कानातल्या यंत्राची कवचं, हात गमावलेल्यांसाठी बोटं, जुन्या मशीनचे बाजारात न मिळणारे भाग, असं सगळं आम्ही करतो. घरचं तुला माहीतच आहे. मिक्सरचं बटण, खिडकीची कडी, बाबांच्या चष्म्याची काडी. बाबा मला फिटर म्हणायचे. दवाखान्यात नेतानाही म्हणाले, "फिटर, मॉडेल जुनं आहे. पार्ट मिळतात का बघ."

"आता तरी गप्प बसा," आई म्हणाली.

झटक्यानंतर त्यांच्या हृदयाच्या आतल्या भिंतीला भोक पडलं होतं. ऑपरेशनआधी ते हातात धरून बघता यावं म्हणून डॉक्टरांनी स्कॅनवरून हुबेहूब नमुना मागितला. असे नमुने आमच्याकडे नेहमी होतात. हा मीच केला, मधून उघडणारा. डॉक्टरांना उपयोग झाला, असं ते म्हणाले. भोक त्यांनी बंदही केलं, पण आजूबाजूचा स्नायू टाके धरेना. पुढे तू होतीसच.

नंतर डॉक्टरांनी नमुना परत दिला. आईने तो फ्रिजवर ठेवला. भाजी निवडता निवडता ती तो खाली घ्यायची, उघडायची, मिटायची. एकदा म्हणाली, "इतकं हुबेहूब केलंस, मग हेच का नाही बसवलं?"

मी म्हटलं, हे प्लॅस्टिक आहे, धडधडत नाही. जिवंत पेशींचं करून बघतायत, पण माणसाला बसवण्याजोगं अजून झालेलं नाही.

"मग काय उपयोग?"

डॉक्टरांना उपयोग झाला, हे पुन्हा सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "निदान यातलं भोक तरी बुजव."

ताई, ते सोपं आहे. स्क्रीनवर कड निवडायची आणि भरून टाकायचं, आमचं रोजचंच काम. तरी मी टाळत राहिलो. ती रोज विचारायची, "झालं का रे?" शेवटी भोक भरलेलं दुसरं केलं आणि आज घरी आणलं. आईने ते उघडून भिंतीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"झालं की," ती म्हणाली. "हे आधी का नाही केलंस?"

रागावून नाही. दूध वेळेवर का नाही आणलंस, असं विचारावं तसं. मी पाणी प्यायला आत गेलो.

पहिला नमुना या पार्सलमध्ये आहे. आईसमोर दोन्ही ठेवता येत नाहीत, आणि टाकवत नाही. उघडलंस तर जपून उघड. भोकाजवळ भिंत फार पातळ आहे. ती तशीच होती.

फोनवर यातलं काही काढू नकोस.

तुझा,
फिटर