घागरीचा साचा

१८ ऑक्टोबर
खंडेनवमी. सकाळीच शेड झाडून घेतलं, यंत्राला झेंडूचा हार. प्लॅस्टिकच्या घागरीचा साचा खोलून दोन्ही भाग टेबलावर मांडले. मांडायलाच नको होते. संस्थेचे अध्यक्ष अण्णा आले, हळदकुंकू वाहिलं आणि नारळ साच्याच्या काठावरच फोडला. जुन्या लोखंडी साच्यावर दरवर्षी फोडायचे तसा. हा ॲल्युमिनियमचा, मऊ. हात पुढे केला होता मी. पण पूजेत अण्णांना अडवायचं म्हणजे... मागे घेतला.
दोन्ही भाग जुळतात त्या बुडाच्या जोडावर बोटाला लागेल एवढा खड्डा.

२१ ऑक्टोबर
टँकरच्या गावांना वाटायला घागरी हव्यात. मोठी मागणी. दुष्काळात आमचं बरं चाललंय, लिहितानाही लाज वाटते.
निघणाऱ्या प्रत्येक घागरीच्या बुडाला बारीक रेघ. अण्णांना म्हणालो, साचा आठवडाभर बीडला देऊ, खड्डा भरून आणू. कशानं पडला ते सांगितलं नाही. ते म्हणाले, लोकं पान्यासाठी टँकरमागं पळतेत अन् तुमी रेघा बघत बसा.

२५ ऑक्टोबर
शेडची बोअर आटली. आजवर कांताबाई प्रत्येक घागर पाण्यानं भरून, आडवी-उभी करून मगच पास करायच्या. अण्णांनी ते बंद केलं. आहे ते पाणी साचा गार करायलाच पुरेना. आता बाई घागर उन्हाकडे धरून बघतात. असं काई कळत न्हाई, तीनदा म्हणाल्या. मी म्हणालो, चालतंय.

३१ ऑक्टोबर
धारूरहून थोरल्या वहिनी आल्या, घागर घेऊन. टँकरपासून घरी जाईपर्यंत निम्मं पाणी गळालं. बुडाची रेघ उकललेली, बरोबर खड्ड्याच्या जागी. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी बायको सुमन चहा टाकायला उठली तर म्हणाल्या, नको, पानी ऱ्हाऊ दे.

२ नोव्हें.
फाटकाशी परत आलेल्या घागरींचा ढीग. अण्णांनी सगळ्यांना बोलावलं. खापर कांताबाईंवर, तपासणी त्यांची म्हणून. मग मला विचारलं, साच्यात दोष हाय का?
बघावं लागेल, म्हणालो.
सहा महिने खपून, शेवटचा हात कानशीनं फिरवून तो साचा मी केलाय. डोळे मिटून सांगेन कुठे काय आहे. आणि म्हणे बघावं लागेल. थू माझ्यावर.

४ नोव्हें.
उद्या सभा. कांताबाईंना काढायचा ठराव आहे. आज त्या आपलं सामान न्यायला शेडवर आल्या. मी साचा खोलून बसलो होतो. त्यांनी जोडावरून बोट फिरवलं, खड्ड्यापाशी थांबल्या.
"तात्या, कवापासून ठावं हाय तुमाला?"
नवमीपासून, म्हणालो.
"मंग मला उन्हात घागरी का म्हनून बघाया लावल्या?"
अण्णांची भीड पडली, असं सांगू? उद्या सभेत सगळं बोलतो, म्हणालो. त्या म्हणाल्या, उद्या कशाला, अण्णा घरीच हायेत, आत्ताच चला, मी येते संगं.
सभेतच बोलतो, मी पुन्हा म्हणालो.
त्या पिशवी उचलून गेल्या. माझा माझ्यावरच भरवसा नाही, त्यांचा कुठून बसणार.