घर क्रमांक ११२ च्या दिव्यावर पतंग न आल्याबाबत

प्रति,
मा. ग्रामसेवक,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे खारबांद,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

विषय : दिव्यावर पतंग आला नाही म्हणून ‘बंद’ लिहिलेले घर उघडे धरून नळ न तोडण्याबाबत.
संदर्भ : गावच्या जैवविविधता नोंदवहीतील घर क्र. ११२ समोरील शेरा.

महोदय,

१. अर्जदार शेवंती शिवा तारी ही विधवा असून वरील घरात एकटीच राहते, हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. गावातील पतंग-माश्यांची नोंद करण्यासाठी आपण नेमलेले श्री. कौस्तुभ दि. ६ रोजी संध्याकाळी घरोघरी पडवीतल्या दिव्याखाली पांढरी चादर लावून फिरले. शेजारच्या बाबलीकडे चौदा जातींचे पतंग आले. अर्जदाराकडे एकही नाही. तेव्हा ‘दिव्यावर कीटक नाही, सबब घर बंद’ असा शेरा मारून ते निघून गेले. त्या वेळी चादरीचे दुसरे टोक अर्जदारानेच धरले होते.

२. पुढे बंद घरांचे नळ सोमवारी तोडण्याची नोटीस निघून अर्जदाराच्या दारावर डकवण्यात आली. त्यासाठी लागणारी खळ अर्जदाराने करून दिली.

३. अर्जदार जातीने कार्यालयात हजर झाली. लिपिक प्राजक्ताबाई म्हणाल्या, “काकी, तुमी आसास ता माका दिसता, पण पाखरू खंय आसा?” अर्जदाराने स्वयंपाकघरातील दोन माश्या पकडून नेल्या. त्या दिव्यावर नव्हे, तळलेल्या बांगड्यावर आल्या होत्या म्हणून नाकारण्यात आल्या.

४. वस्तुतः घरासमोर आपलाच हायमास्ट दिवा आहे. गावचे पतंग तिकडे जातात. अर्जदाराच्या पिवळ्या बल्बला विचारतो कोण? तो हायमास्ट एक संध्याकाळ विझवावा, अशी तोंडी विनंती केली असता ‘बंद घरासाठी दिवा बंद करता येत नाही’ असे उत्तर मिळाले.

५. अखेर मंगळवारी वीज गेली. अर्जदाराने कंदील लावला आणि एक करडा पतंग आला! अर्जदाराने आनंदाने धावत जाऊन श्री. कौस्तुभ यांना आणले. त्यांनी मोबाईलवर फोटो ताडून शेरा दुरुस्त केला : ‘सदर पतंग ओसाड घरांत आढळतो. घर बंदच.’

६. अर्जदारास आता रडू येते. एकटीला पाणी ते कितीसे लागणार, पण तेवढे लागतेच. अर्जदार या घरात एक्केचाळीस वर्षे राहते आहे. पतंग परवा आला. दोघांपैकी कोणाचे खरे मानायचे, ते सोमवारपूर्वी ठरवावे, ही विनंती.

आपली नम्र व घरीच असलेली,
शेवंती शिवा तारी
दि. २० नोव्हेंबर २०२५

सोबत : काडेपेटी एक (आत सदर पतंग, जिवंत). उघडण्यापूर्वी कार्यालयातील पंखा बंद करावा.