उत्तरेकडचा गोल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तेचाळीस, धंदा शिवणकाम, राहणार मैदानाच्या उत्तरेकडच्या गोलामागचे घर, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब तपासला आणि म्हणाल्या, "तुमच्या वयाला शोभत नाही इतका चांगला आहे." अशा ठिकाणी 'माझ्यावर कुणाचाही दबाव नाही' असे लिहायची पद्धत आहे. ते मला खरेपणाने लिहिता येत नाही. दबाव आहे. पण तो हे लिहिण्यासाठी नाही, न लिहिण्यासाठी आहे. वकीलबाई म्हणाल्या, असे लिहिले तरी चालेल.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मागे ठेवावे असे माझ्याकडे काही आहे, हे मला या हंगामात इतरांच्या वागण्यावरून कळले.

१. घर.

घर वडिलांचे. वाटणीत दुकान धाकट्या भावाकडे गेले, घर आणि परस माझ्याकडे आले; दोघांच्या सह्या आहेत. नवरा गेला, मूल झाले नाही. म्हणून हे घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, मी भावाच्या मुलीला देते. ती क्लबच्या मुलींच्या संघाची गोलकीपर आहे आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभी राहून माझ्या फोडणीला नावे ठेवते.

तिने इथे एकटीने राहू नये. भाड्याने द्यावे, मैत्रिणींना घेऊन राहावे, कुलूप लावून ठेवावे, पण एकटीने राहू नये. परवा ती मशीनच्या टेबलावर चढून बसली होती.

"आत्या, तू मरणार आहेस का?"

"सगळेच मरणार आहेत. आधी खाली उतर, टेबल मोडेल."

"मग आत्ताच कशाला लिहितेस?"

"आत्ता हात स्थिर आहे म्हणून."

ती हसली नाही. पोरगी चेंडू येण्याआधीच कुठून येणार ते ओळखते, तेच इथे झाले असावे.

२. यंत्रे.

पायाचे शिवणयंत्र, ओव्हरलॉक मशीन, दोन्ही मोठ्या कात्र्या आणि जर्सीवर नंबर चिकटवायची इस्त्री मैदानवाल्या रेघकाकांच्या बायकोला, म्हणजे काकूंना. भाचीला यातले काही देत नाही. तिला सुईत दोरा ओवता येत नाही आणि त्याचा तिला अभिमान आहे. काकूंना काज-बटणे मीच शिकवली. आता त्यांना ती लागतील.

३. मधल्या खोलीतले लाकडी कपाट.

हे माझ्या मालकीचे आहे असा समज आहे. तो चुकीचा आहे. ते आजीचे. त्यावर माझा, भावाचा आणि दोन आत्यांचा सारखा हक्क आहे. ते विकावे असे चौघांनाही वाटते. पण एका आत्याला गिऱ्हाईक पसंत पडत नाही, दुसरीला किंमत, भावाला दोन्ही, आणि मला विचारण्याची पद्धत. चौघांच्या सह्या एका कागदावर कधी आल्या नाहीत, म्हणून ते कपाट अजून जागेवर आहे. वाळवीनेही त्याचा नाद सोडला. याचा उल्लेख इथे का केला, ते पुढे कळेल.

४. बँकेतली शिल्लक.

माझ्या अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरेल ते मुलींच्या संघाच्या बसभाड्याला. पुरुषांच्या संघाला नाही. त्यांच्यासाठी निदान कुणीतरी वर्गणी मागायला जाते.

क्लबची परिस्थिती गावभर ठाऊक आहे, तरी नोंदवते. तिकिटांच्या पैशांत बाहेरगावच्या सामन्याचे डिझेलही भागत नाही. लीगची फी, रेफ्रीचे मानधन, रुग्णवाहिकेचे भाडे, सगळे आधी भरावे लागते. सामना हरण्याचे तेवढे फुकट. आमचा स्ट्रायकर दिवसा फ्रिज दुरुस्त करतो. पगार थकले की खेळाडू माझ्याकडे बूट शिवायला आणतात आणि लाजून म्हणतात, "ताई, पुढच्या महिन्यात देतो."

दोन हंगामांपूर्वी नवे अध्यक्ष आले. त्यांनी थकलेले पगार एका दमात दिले. सभेत लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी मागच्या बाकावर बटणे लावत बसले होते, माझे हात मोकळे नव्हते. ती देणगी नव्हती, कर्ज होते, आणि तारण होते मैदान. या हंगामाअखेर फेडले नाही तर मैदान त्यांचे. दुसरा कुणी मदतीला आला की अध्यक्ष त्याला चहा पाजून, पाठीवर हात ठेवून परत पाठवतात. सामना चालू असताना ते खेळ बघत नाहीत. ते फाटकाकडे बघत उभे असतात.

५. येणी.

खेळाडूंच्या जर्सी, मोजे, बूट यांची सगळी शिलाई माफ. कुणीही कुणाकडे मागू नये.

अध्यक्षांच्या राखाडी पँटची उंची कमी करून दिली, तिची शिलाई बाकी आहे. ती मात्र वसूल करावी. त्यांना शहरात चांगले शिंपी आहेत. तरी ती पँट त्यांनी माझ्याकडेच का पाठवली, याचा मी पुष्कळ विचार केला. पायाची दुमड उसवली तेव्हा आत चुन्याची फक्की निघाली. मैदानावर जाणाऱ्या कुणाच्याही पँटला चुना लागतो, हे मला कळते. पण अध्यक्ष गवतावर पाय ठेवत नाहीत. बूट खराब होतात म्हणून ते बक्षीससुद्धा प्रेक्षकांच्या ओट्यावरून देतात. ती फक्की मी दोऱ्याच्या रिकाम्या डबीत भरली आणि डबी वकीलबाईंकडे दिली आहे.

६. रेघकाका.

मैदानवाल्या काकांना सगळे रेघकाका म्हणत, कारण मैदानाच्या रेघा तेच मारत. फक्कीची गाडी ढकलताना त्यांचा अधू गुडघा प्रत्येक वेळी पेनल्टीच्या चौकोनाशी दगा द्यायचा आणि रेघेला तिथे बारीकसे पोट यायचे. रेफ्रीने त्याची दोनदा लेखी तक्रार केली. काका म्हणाले, "त्याला म्हणावं, रेघ माझी आहे, शिट्टी तुझी. आपापलं सांभाळ."

आमच्या जमिनीची हद्द कुठून जाते, ते काकांना पायाखालचे माहीत होते. थंडीत मोजणीवाले आले तेव्हा त्यांनी गोलासमोरची माती उकरून हद्दीचा दगड सर्वांदेखत दाखवला. पुढच्याच आठवड्यात ते दिव्याच्या खांबाखाली पडलेले सापडले. दिवा बदलायला चढले आणि तोल गेला, असा निकाल झाला. ज्यांना ओट्याची वरची पायरी चढवत नव्हती, त्यांना मी चहा खाली नेऊन देत असे. दगड आता जागेवर नाही.

मी कुणावर आरोप करत नाही. मृत्युपत्रात आरोप करायचे नसतात, असे वकीलबाईंनी बजावले आहे. मी फक्त काकांचा गुडघा नोंदवून ठेवते.

७. पट्टा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

मी शाळेत असताना क्लब वरच्या गटात गेला. लीगचा माणूस टेप घेऊन आला आणि मैदान लांबीला कमी भरले. तीन बाजूंना गिरणीची भिंत आणि चिंचोळ्या गल्ल्या, चौथीला आमचे परस. वडिलांना ऑफसाइड काय ते शेवटपर्यंत कळले नाही. पण त्या रविवारी त्यांनी परसाची भिंत पाडली आणि घराच्या अंगाला आणून पुन्हा बांधली. "खेळू देत की," एवढेच म्हणाले. जमीन दिली नाही, विकली नाही, भाडे घेतले नाही. तेव्हापासून उत्तरेकडचा गोल, त्याची जाळी आणि गोलकीपरचा छोटा चौकोन आमच्या जमिनीवर आहे. मोजणीच्या नकाशात आजही तसेच आहे, दगड असो वा नसो.

माझा नवरा त्याच गोलात उभा राहायचा. लग्नाआधी चेंडू न्यायला सारखा भिंतीवरून यायचा. तो मुद्दाम चेंडू वरून जाऊ देतो हे वडिलांच्या आधी क्लबच्या लक्षात आले. पुढे सगळे त्याला चिडवत, सासऱ्याच्या जमिनीवर उभा राहून पगार घेणारा घरजावई. पगार मिळायचा तेव्हाची गोष्ट.

ट्रक शिरेल असे फाटक मैदानाला एकच आहे आणि ते या पट्ट्याच्या कोपऱ्यात आहे. पट्टा हाती नसला तर बाकीच्या मैदानाचा उपयोग एकच उरतो, खेळणे.

अध्यक्ष फळांची करंडी घेऊन आले होते. माझ्या नवऱ्याला ते कधी भेटले नाहीत, तरी मी त्यांची वहिनी.

"वहिनी, एकट्याच असता इथे?"

"एकटी कुठली? समोर अख्खी टीम असते."

"आणि हंगाम संपल्यावर?"

ते खिडकीतून बराच वेळ गोलाकडे बघत होते. जाताना म्हणाले, "दाराची कडी बदलून घ्या. ढिली आहे." त्यांनी कडीला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

त्यानंतर एका सकाळी परसात पांढरी रेघ होती. मैदानाच्या बाजूची रेघ कुणीतरी भिंतीअलीकडे पुढे चालू केली होती, धुण्याच्या दगडापर्यंत. क्षणभर वाटले, काका. मग तिचे पोट शोधले. नव्हते. मी रेघ धुऊन टाकली. आज सकाळी ती पुन्हा होती, दाराच्या पायरीला टेकून थांबलेली. ही धुतलेली नाही. कुणी धुऊ नये.

तर हा पट्टा, फाटकासकट, मी या हंगामात क्लबकडे नोंद असलेल्या दोन्ही संघांतल्या सज्ञान खेळाडूंना, त्यांच्या दोन्ही प्रशिक्षकांना, काकूंना आणि ओट्याखाली चहा विकणाऱ्या आजींना समान आणि न वाटलेल्या हिश्शांनी देते. सगळ्यांची सही असल्याशिवाय कुणालाही त्यातले ढेकूळ विकता येणार नाही.

ही माणसे मी जवळून ओळखते. जर्सीचा निळा कोणता यावर त्यांनी तीन सभा घातल्या आणि शेवटी मी दुकानात होता तो निळा आणला. चहावाल्या आजी आणि पुरुषांचे प्रशिक्षक एकमेकांशी स्ट्रायकरमार्फत बोलतात. एका कागदावर यांच्या सगळ्यांच्या सह्या मिळवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. माझ्या घराण्याचे कपाट ज्याने राखले, तेच मी क्लबला देत आहे.

वकीलबाईंना विचारले, हे कोर्टात टिकेल का? चष्मा पुसत म्हणाल्या, "अट टिकेल की नाही, सांगता येत नाही. भांडण नक्की टिकेल."

आणि एका बाईच्या दाराशी रेघ मारणे सोपे आहे. इतक्या दारांशी मारायला चुना पुरायचा नाही.

८. भाऊ.

भावाला मी काही देत नाही. राग म्हणून नव्हे. तो महिन्यापूर्वी आला होता, दारातच उभा राहून बोलला.

"ताई, चार पावलांची जमीन ती. तिथे गवतपण धड उगवत नाही."

"गोलासमोर कुठल्याच मैदानात उगवत नाही रे."

"तुझ्यानंतर माझ्याकडेच येणार ना? मग मी आत्ताच शब्द दिला तर बिघडलं कुठं?"

"किती घेतलेस?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते थांबायला तयार आहेत, ताई. फार नाही, पण थांबतील."

लहानपणी तो घाबरला की पायाचा अंगठा मुडपायचा. चपलेतून दिसत होता. बाळा, त्यांनी तुला काय दिले ते परत कर, आणि हा कागद दाखवून सांग की बहिणीने आपल्याला फसवले. ते तुझ्यावर विश्वास ठेवतील. त्यात तुझी सुटका आहे. तेवढे मी तुझ्यासाठी ठेवते आहे.

९. अंमल.

अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. या कागदाच्या प्रती आजच सगळ्या हिस्सेदारांना द्याव्यात आणि एक अध्यक्षांना, पोच घेऊन. माझे जे काही व्हायचे ते या कागदाआधी त्यांच्या उपयोगाचे होते, आता नाही. हे त्यांना लवकरात लवकर कळावे.

मी दिव्याच्या खांबावर चढत नाही. मला पोहता येत असल्याने मी विहिरीच्या काठाला घाबरत नाही, पण तिकडे जातही नाही. गॅस मी रोज स्वतः बंद करते. हे सहज लिहून ठेवले.

मला नेताना उत्तरेकडच्या गोलासमोरून न्यावे. सामना चालू असेल तर थांबवू नये. गोलकीपरने मागे वळून बघू नये, चेंडूकडे लक्ष द्यावे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर. हंगामातल्या शेवटच्या सामन्याआधीचा मंगळवार, दुपार.

सही: गोलामागच्या ताई (क्लबात चालते त्या आणि शाळेच्या दाखल्यावरच्या, अशा दोन्ही नावांच्या सह्या खाली केल्या आहेत.)

साक्षीदार पहिली, डॉक्टरीणबाई: बाई शुद्धीत आहेत. नाडी नियमित. माझ्यासमोर स्वतः लिहिले आणि सही केली. सही.

साक्षीदार दुसरा, लीगचा रेफ्री: मला या क्लबबद्दल प्रेम नाही आणि क्लबला माझ्याबद्दल, म्हणूनच मला बोलावले, असे बाई म्हणाल्या. सही माझ्यासमोर झाली. लिहिणे चालू असताना आम्ही तिघे आत होतो, दार लोटलेले होते. निघताना परसातली रेघ पाहिली. कलम सातमध्ये ती पायरीला टेकून थांबल्याचे लिहिले आहे, आणि मी आलो तेव्हा ती तशीच होती. आता ती पायरी चढून उंबऱ्यापर्यंत आली आहे. फक्की वाऱ्याने अजून विस्कटलेली नाही. मी आयुष्यभर रेघा पाहिल्या आहेत, म्हणून नोंदवतो: ही काकांची नाही. सरळ आहे, कुठेही पोट नाही. मारणाऱ्याला घाई नव्हती. सही.