हालिनाबाईंच्या आईची तारीख

॥ श्री ॥
अप्पर हट, १२ मे २००४

चि. सौ. लीलास राजादादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऐन मेमध्ये थंडी पडली. शिरीष आणि सूनबाई विनिता कामावर जातात. नात इरा माझं मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर देते. मला नीट कळलं की नाही, याची दिवसभर धास्ती. बोलणं होतं ते कुंपणापलीकडच्या हालिनाबाईंशी. आपल्या वळिवड्याच्या, युद्धकाळातल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत वाढलेली बाई इथे शेजारी भेटावी! तिथे बाबांबरोबर दूध घालताना शिकलेली माझी मोडकी पोलिश ती सुधारते. त्यांच्यात, रशियनांतसुद्धा, एकेका कामाला दोन शब्द. दूध तापवत होतो त्याला एक, तापवून उतरवलं त्याला दुसरा. चौथी पास माणसाला किती झेपणार? पण आईविषयी ती नेहमी न संपलेल्या कामाचाच शब्द वापरते. आई मरत होती, एवढंच. सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये मावशीने आई गेली म्हणून सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी पोरीला आगगाडीत बसवलं. तिने आईला शेवटचं पाहिलंच नाही. कोल्हापूरच्या कबरस्तानात मारिया कोवाल्स्का हे नाव शोधशील? बाईचं हृदय अधू आहे. उशीर नको.

तुझा,
राजादादा


॥ श्री ॥
कोल्हापूर, ५ जून २००४

ती. राजादादास लीलाचा शि. सा. नमस्कार.

एका पानात एवढ्या काळज्या तूच मावव. तिकडे जाऊनही सुधारला नाहीस! कबर सापडली. गवत उपटलं, दगड धुतला, तगरीची फुलं वाहिली. पण दादा, दगडावर तारीख २ ऑगस्ट १९४७ आहे. चर्चच्या फादरांनी दफनांची जुनी वही काढली, तीतही तीच. पोरीला नेलं तेव्हा आई जिवंत होती रे. पुढे पाच महिने. बाईला सांगायचं का, ते तू थोरला, तूच ठरव.

तुझी,
लीला


॥ श्री ॥
अप्पर हट, २८ जून २००४

चि. सौ. लीलास आशीर्वाद.

तुझं पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. काल बाईंनीच विचारलं. फुलांचं सांगितलं, दगड धुतल्याचं सांगितलं. तारीख विचारल्यावर माझ्या तोंडून मार्च निघालं. तिने माझा हात धरला आणि आईसाठी पहिल्यांदाच संपल्याचा शब्द वापरला. मग चहा टाकायला गेली, गुणगुणत. तिची आई सुटली, लीला. माझ्या मनात मात्र ती अजून त्या छावणीच्या खाटेवर दाराकडे बघत पडली आहे.

आता तिला दगडाचा फोटो हवा आहे. पाठवू नकोस. टपालात गहाळ झाला म्हणेन. आज सकाळी टपालवाला आला तेव्हा ती फाटकाशी येऊन उभी होती. उद्याही असेल.

माया पातळ करू नकोस. हे मागायलाही तोंड उरलेलं नाही.

तुझा,
राजादादा