फरसबीच्या बरण्या

डे मॉइन, ४ सप्टेंबर १९८४

ती. एडलिन आत्यास,
सा. न. वि. वि.

परवाच्या फोनवर तुला हसू आवरत नव्हतं, पण काय करू? घरी भाज्या बरणीत कशा टिकवतात, या आमच्या ऑफिसच्या पाहणीच्या यादीत तुझा नंबर निघाला की तुलाही सगळे प्रश्न वाचून दाखवावेच लागतात. दोनशे चाळीस घरांत एकही उत्तर न चुकलेली तू एकटीच! मी ऑफिसभर मिरवलं.

बाकीच्या बायका फरसबीच्या भरलेल्या बरण्या प्रेशरच्या भांड्यात न घालता नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवतात. झाकण टक् वाजून घट्ट बसलं की झालं, म्हणतात. त्यात विष धरतं, हे मला ठाऊक. पण पाहणीत कुणाला सुधारायचं नाही, आभार मानून पुढे जायचं. फार जड जातं गं.

तुझी लाडकी,
मार्लिस

*

आल्डर क्रीक, २ ऑक्टोबर

चि. मार्लिस हिस,
अनेक आशीर्वाद.

शेजारची एनिड इस्पितळात आहे. आधी तिला एकाचे दोन दिसू लागले, मग जीभ जड झाली. आता श्वास यंत्रावर आहे. काय खाल्लं, असं डॉक्टरांनी तिच्या मुलांना विचारलं. मी म्हटलं, माझी फरसबी. गुडघ्यामुळे तिला उभं राहवत नव्हतं, म्हणून मीच बरणी नेऊन दिली होती.

तुझे काका गेल्यापासून प्रेशरचं भांडं तळघरातच आहे. त्याच्या फुसफुसण्याची मला भीती वाटते. आईसारख्या मीही बरण्या मोठ्या पातेल्यात तीन तास उकळते. पुस्तकातलं सगळं पाठ आहे, पण कळतं ते वळत नाही. आणि विचारणारी तू, पोरी. तुझ्यापुढे चुकायची लाज वाटली, म्हणून खोटं बोलले. माझं उत्तर खोडून खरं लिही.

राग धरू नकोस.
तुझी आत्या

*

डे मॉइन, ५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाहणी कधीच संपली, त्यामुळे तुझं उत्तर आता खोडता येत नाही. ते बेरजेत गेलं. पण तू सगळ्यांदेखत बोललीस म्हणून एनिडमावशीला वेळेत औषध मिळालं. ती वाचेल, महिने लागतील, असं तिच्या मुलाने मला फोनवर सांगितलं.

तू इस्पितळात असतेस, घरचा फोन कुणी उचलत नाही, म्हणून लिहिते: उरलेल्या बरण्यांना हात लावू नकोस. कुणाकुणाला दिल्यास त्यांना आजच फोन कर. शनिवारी मी येते, दोघी घरोघर जाऊन बरण्या परत आणू.

चुकीची उत्तरं देणाऱ्यांची मला काळजी वाटायची. आता बरोबर उत्तरं देणाऱ्यांची वाटते.

माया आहे तशीच ठेव.
मार्लिस