अख्ख्या गावाचे बोअर एकाच बागेत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
खुला पाणी-नकाशा कक्ष,
अमरावती.

अर्जदार : श्रीमती मनकर्णा बुधाजी वाकोडे, निवृत्त अंगणवाडी सेविका, मौजे खैरझिरी, तालुका मोर्शी.

विषय : नकाशातील चुकीच्या टिंबांवरून अर्जदाराचा बोअर सील करण्याची व बाग खोदण्याची कारवाई तात्काळ थांबवणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या पथकाने बागेतील लिंबाच्या झाडाला चिकटवलेली नोटीस.
२) अर्जदाराने पथकाला तोंडी सांगितलेली हकीकत, जी कोणी लिहून घेतली नाही.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही मौजे खैरझिरी येथील कायम रहिवासी असून गावाच्या वरच्या अंगाला तिची संत्र्याची लहानशी बाग आहे. बागेत बोअर आहे. एकच आहे. तिच्या दिवंगत यजमानांनी तो नव्या बोअरवर बंदी येण्याच्या कितीतरी आधी मारला. असे असताना आपल्या नकाशात त्याच बागेत अख्ख्या गावाचे बोअर दिसतात, आणि तेवढ्यावरून येत्या सोमवारी अर्जदाराचा बोअर सील करून, उरलेले ‘लपवलेले’ बोअर हुडकण्यासाठी झाडांच्या ओळींतून जेसीबी फिरवण्यात येणार आहे. आंबिया बहराची फळे आत्ता कुठे धरली आहेत. ऐन मे महिन्यात पाणी तुटले तर ती गळून जातील, आणि जेसीबीने मुळे तोडलेले झाड परत सावरत नाही. यजमानांच्या मागे अर्जदाराला ही बागच आहे, दुसरे काही नाही.

१) हे घडले कसे, ते सांगणे भाग आहे. कुणालाही आपली विहीर, बोअर, हापशी नकाशावर टिपता यावी आणि कुणालाही ती बघता यावी, ही आपल्या कक्षाची कल्पना अर्जदाराला मनापासून आवडली होती व आजही आवडते. आजवर आमच्याच पाण्याची माहिती कार्यालयाच्या कपाटात असायची आणि कपाटाची चावी रजेवर गेलेल्या साहेबांच्या खिशात. म्हणून आपल्या कक्षाच्या रुबीना मॅडम शिकवायला आल्या तेव्हा अर्जदाराने स्वतः दारोदार फिरून माणसे गोळा केली. आमच्या पट्ट्यात नव्या बोअरला मनाई आहे, त्यामुळे लोक बिचकत होते. ‘ही माहिती पाणी समजून घ्यायला आहे, कारवाईला नाही,’ असे मॅडमनी सांगितले. अर्जदाराने तेच आपल्या तोंडाने घरोघर सांगितले, आणि लोक आले ते तिच्या शब्दावर आले.

२) प्रशिक्षण अर्जदाराच्या बागेत घ्यावे लागले, कारण खैरझिरीत मोबाईलची रेंज फक्त तिच्या बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर येते. गावात कुणालाही फोन करायचा झाला की तो धुऱ्यावर येऊनच करतो. किती सोयरिकी तिथे जुळल्या आणि किती मोडल्या, ते अर्जदाराला पाठ आहे, कारण लोक फोनवर हळू बोलत नाहीत. मॅडमचे शिकवणे सोपे, बटणे मोठी, सगळे मराठीत. पंचफुलाबाईंनी तर चष्म्याशिवाय दाबली. मॅडम म्हणाल्या, आपला बोअर टिपायचा तर ‘माझे सध्याचे ठिकाण’ हे बटण दाबा. सर्वांनी दाबले. महोदय, त्या वेळी सर्व जण अर्जदाराच्या संत्र्याखाली चिवडा खात बसले होते! गुलाम नबी बागवान यांचा बोअर, पंचफुलाबाईंचा बोअर, विहाराचा, मशिदीचा, शाळेची हापशी, झाडून सारे अर्जदाराच्या बागेत उतरले. मग टाळ्या झाल्या. सर्वांत जोरात अर्जदाराने वाजवल्या.

३) चूक ध्यानात आल्यावर लोकांनी ती सुधारली नाही, असा आपला समज असल्यास तो कृपया काढून टाकावा. आपल्या नकाशात टिंब ज्याने टाकले त्यालाच हलवता येते, आणि हलवायचे तर आधी मोबाईलवर येणारा आकडा भरावा लागतो. तो आकडा रेंजशिवाय येत नाही. रेंज धुऱ्यावर. म्हणून बिचारे पुन्हा धुऱ्यावर आले, आकडा भरला, पुन्हा तेच बटण दाबले, आणि जुने टिंब राहून शेजारी नवे उमटले. दुरुस्ती जितकी मन लावून केली तितके बोअर वाढले. शेजारच्या गावचा एक पाहुणा सासूला फोन लावायला आला होता, त्यानेही जाता जाता आपली विहीर टिपून टाकली. ज्या अर्जदाराची ही जमीन, तिला मात्र तिच्या जमिनीवरचे एक टिंब पुसायचा अधिकार नाही.

४) होता होता नकाशावर बागेची जागा लालभडक झाली आणि आपले पथक दारात आले. त्यांनी बाग ओळीने पाहिली. बोअर एकच सापडला. कोणाही शहाण्या माणसाने इथे म्हटले असते की नकाशा चुकला. पथकप्रमुख म्हणाले, ‘‘सिस्टीममध्ये आहेत म्हणजे जमिनीत असणारच. बाकीचे कशाने बुजवले, बाई?’’ अर्जदार हसली, तिला वाटले साहेब थट्टा करत आहेत. ते थट्टा करत नव्हते. दुसऱ्या दिवशी नोटीस आली.

आता पुढच्या परिच्छेदांना क्रमांक घालत बसायला अर्जदाराचे चित्त ठिकाणावर नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

कारवाईची बातमी फुटल्यापासून गावात कोणी टिंब हलवायचे नाव काढत नाही. ज्यांचे बोअर बंदीनंतरचे आहेत, त्यांना ते अर्जदाराच्या बागेत दिसलेलेच बरे वाटू लागले आहे. एक शेजारीणबाई अर्जदाराच्या ओसरीवर येऊन म्हणाल्या, ‘‘राहू दे नं वं तुह्याच वावरात. टिंबाचं का ओझं होऊन राहिलं तुले?’’ जेसीबीचे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्या पदराने डोळे पुसत गेल्या, पण टिंब हलवते म्हणाल्या नाहीत. अर्जदाराला राग आला, फार आला. रात्रभर तिने मनातल्या मनात एकेकाची हजेरी घेतली.

आपल्या पथकाने तिला एक वाट दाखवली आहे. टिंबाला मालकाचे नाव नसते, म्हणून कोणता बोअर कोणाचा, हे तिने सांगून सही करावी, म्हणजे बाग मोकळी. तिला ते सगळे माहीत आहे. या गावची लेकरे तिने अंगणवाडीत सांभाळली आहेत, कोणाच्या घरी पाणी कुठून येते हे तिला माहीत नसेल तर कोणाला असणार? एका घरचा बोअर बंदीनंतरचा आहे, हेही गावात सर्वांना ठाऊक आहे. पण त्या घराने भिंतीबाहेर नळ काढून दिला आहे, आणि नळयोजना आटली की अख्खी बौद्धवाडी त्याच नळावर पाणी भरते. बाग घरापासून लांब, म्हणून पिण्यापुरते अर्जदारही भरते. त्या घराचे नाव द्यायचे म्हणजे वाडीच्या घागरी पालथ्या घालायच्या. आणि न द्यायचे म्हणजे यजमानांनी लावलेल्या झाडांतून जेसीबी जाताना उघड्या डोळ्यांनी बघायचे. महोदय, या दोन्हींत अर्जदाराचा गुन्हा कोणता, तेवढे कोणीतरी तिला समजावून सांगा.

ती नाव देणार नाही. लोकांना शब्द तिने दिला होता.

तरी नम्र विनंती आहे की, सोमवारची कारवाई थांबवावी. नकाशा मात्र बंद करू नये, चुका निघाल्या म्हणून तो परत कपाटात गेला तर अर्जदाराला दुप्पट वाईट वाटेल. त्यात एवढे करावे : टिंब टाकण्याआधी ‘आपण या क्षणी आपल्या विहिरीजवळ उभे आहात काय?’ असे विचारावे. रेंज नसतानाही जागा टिपून ठेवता यावी, मग माणूस धुऱ्यावर येऊन ती पाठवील. आणि ज्याच्या जमिनीवर टिंब पडले त्याला ‘हे माझे नाही’ म्हणता यावे. रुबीना मॅडमना पुन्हा पाठवावे. या खेपेला अर्जदार त्यांना प्रत्येकाच्या वावरात चालवत नेईल आणि चिवडा शेवटी देईल.

सोमवार उजाडण्याआधी आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

मनकर्णा बुधाजी वाकोडे
मौजे खैरझिरी
दिनांक : २ मे २०२५

सोबत : १) नोटिशीची छायाप्रत.
२) बागेतील एकुलत्या एका बोअरचा फोटो, शेजारी अर्जदार उभी.

ता. क. : अर्ज पाकिटात घालण्याआधी साक्षीदाराची सही हवी, म्हणून अर्जदार गुलाम नबी यांच्या दुकानी गेली. त्यांच्या नळाचा मजकूर तिने अंगठ्याखाली झाकला होता. त्यांनी अंगठा बाजूला केला आणि सगळे वाचले. मग म्हणाले, ‘‘बाई, तुमी माह्यासाठी बाग देऊन राहिल्या, अन् मले सांगतही नाई?’’ त्यांनी साक्षीदाराच्या जागी सही केली नाही. खाली स्वतःच्या हाताने लिहिले : ‘बंदीनंतरचा बोअर माझा आहे, माझ्या घरामागे आहे. नकाशात तिथे दाखवावा. गुलाम नबी शेख चाँद बागवान.’ मी नको नको म्हणत होते. आम्ही बोलत होतो तोवर पंचफुलाबाई आल्या, ओसरीवरून डोळे पुसत गेलेल्या त्याच; त्यांनीही कागद ओढला, ‘माझाही तसाच’ असे लिहवून घेतले आणि त्याखाली अंगठा उठवला.

साहेब, मी कोणाचे नाव दिलेले नाही. त्यांनी आपण होऊन खरे सांगितले आहे. आता आपण येऊन तो नळ बंद केलात, तर माझी बाग वाचेल, पण तिचे एक फळ माझ्या घशाखाली उतरणार नाही. मग तुमच्या नकाशासाठी माणसे गोळा करायला मी पुन्हा कोणाच्या दारात जाणार नाही, आणि गेले तरी मला कोणी दार उघडणार नाही.